सेफ क्लस्टरमध्ये पीजी 'डाउन' किंवा 'इनकम्प्लीट' अडकते तेव्हा: डेटा परत मिळवण्याचा क्रम

सेफ (Ceph) ही पुष्कळ सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठा करणारी प्रणाली. ओएसडी म्हणजे तिच्यातली एक डिस्क आणि ती सांभाळणारा प्रोग्रॅम; पीजी म्हणजे डेटाचा एक गट, ज्याच्या प्रती काही ओएसडींवर असतात. लक्षण ओळखीचं असतं. आठवड्यापूर्वी एक डिस्क गेली, काल दुसरी गेली, आणि आज काही व्हर्च्युअल मशीन चालू दिसतात पण लिहायला गेलं की लटकतात. 'सेफ हेल्थ डिटेल' चालवलं की 'रिड्यूस्ड डेटा अव्हेलेबिलिटी' आणि त्याखाली दोन-चार पीजी 'डाउन' नाहीतर 'इनकम्प्लीट'. त्यातल्या एकीवर 'सेफ पीजी ७.१ए क्वेरी' चालवा. लांबलचक उत्तराच्या शेवटाकडे 'रिकव्हरी स्टेट' भागात 'पीअरिंग ब्लॉक्ड बाय' (पीअरिंग म्हणजे कुणाकडे काय आहे ते पीजीच्या ओएसडींनी आपसांत जुळवणं) सापडेल, आणि तिथे ही ओळ: 'स्टार्टिंग ऑर मार्किंग धिस ओएसडी लॉस्ट मे लेट अस प्रोसीड'.

म्हणजे ही ओएसडी सुरू करा, किंवा ती कायमची गेली असं जाहीर करा, मग पुढे जाता येईल. या ओळीत दोन मार्ग आहेत आणि ते बरोबर क्रमाने दिलेले आहेत. आधी सुरू करणं, आणि ते सगळ्या बाजूंनी अशक्य ठरलं तरच लॉस्ट. जिथे डेटा कायमचा जातो तिथे बहुतेक वेळा हा क्रम घाईत उलटलेला असतो. पुढची सगळी कृती पहिला मार्ग शेवटपर्यंत कसा चालायचा याचीच आहे.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टर्मिनलवर रोमन स्पेलिंग वापरा. ओएसडी ४१ आणि पीजी ७.१ए ही उदाहरणं. तिथे तुमचे क्रमांक घाला.)

आधी हात आखडा

पीजी अडकलेली असताना पुढच्या गोष्टी करू नका: 'सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम झॅप' (डिस्क पुसणं), 'ओएसडी पर्ज' (ओएसडी क्लस्टरमधून कायमची काढणं), 'ओएसडी लॉस्ट', 'फोर्स-क्रिएट-पीजी', आणि काढलेली डिस्क वॉरंटीत परत पाठवणं. ही शेवटची चूक सगळ्यात जास्त होते. ओएसडी बंद पडली म्हणजे डिस्कवरचा डेटा गेला असं नसतं. केबल, डिस्क जोडणारं एचबीए कार्ड, अपुरी मेमरी, भरलेली डिस्क, न जोडलं गेलेलं एलव्हीएम (लिनक्सची डिस्कचे भाग सांभाळणारी यंत्रणा), यांपैकी कशानेही ओएसडी बंद पडते आणि डेटा जागच्या जागी असतो.

'नोआउट' फ्लॅग लावायचा का? इथे थोडं थांबून विचार करा. डाउन झालेली ओएसडी मॉनिटर (क्लस्टरची स्थिती सांभाळणारा प्रोग्रॅम) ६०० सेकंदांनी आउट करतो, म्हणजे डेटा ठेवण्यातून वगळतो; नोआउट हे थांबवतो. आउट झाली की ती गेली असं धरलं जातं आणि तिच्या प्रती दुसरीकडे बनू लागतात. ज्या पीजींच्या दोन प्रती अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी हेच हवं आहे, तिसरी प्रत जितकी लवकर बनेल तितकं बरं. म्हणून सवयीने नोआउट लावून ठेवणं घातक आहे. ओएसडी काही मिनिटांत परत येणार असल्याची खात्री असेल, किंवा तुम्ही स्वतः एखादी थांबवून तिच्यावर काम करणार असाल, तेव्हाच लावा आणि काम झालं की काढा. 'नोरीबॅलन्स' मात्र लगेच लावायला हरकत नाही. नुसत्या जागा बदलणाऱ्या पीजी थांबतात, प्रती कमी असलेल्या पीजींची दुरुस्ती चालूच राहते.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: आउट झालेली ओएसडी अप असेल तर ती पीअरिंगमध्ये भाग घेते आणि आपल्याकडचा डेटा देते. मरणासन्न डिस्क पुन्हा 'इन' करायची गरज नाही. आउटच ठेवा, म्हणजे तिच्यावर नवीन डेटा येणार नाही आणि आहे तो निघून जाईल.

डाउन, इनकम्प्लीट आणि नुसतं अंडरसाइज्ड

तीन प्रतींच्या पूलमध्ये (पूल म्हणजे सारखे नियम असलेल्या पीजींचा संच) साइझ, म्हणजे एकूण प्रती, ३ आणि मिन-साइझ, म्हणजे काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती, २ असतं. दोन प्रती गेल्या आणि एक उरली तर पीजी 'अंडरसाइज्ड, डिग्रेडेड, पीअर्ड' दिसते. लिहिणं-वाचणं थांबतं, पण डेटा शाबूत आहे. क्लस्टरमध्ये जागा आणि पुरेसे होस्ट असतील तर प्रती परत बनतील. इथे काहीही जबरदस्ती करू नका. फक्त रांगेत ती पुढे यावी म्हणून 'सेफ पीजी फोर्स-रिकव्हरी ७.१ए' द्या.

'डाउन'चं कारण वेगळं. समजा पीजी १२, २७ आणि ४१ वर होती. १२ बंद पडली. त्यानंतर काही काळ २७ आणि ४१ या दोघींवर लेखन चालू राहिलं, आणि मग त्या दोघीही पडल्या. आता १२ परत आली तरी सेफ तिच्यावर विश्वास ठेवत नाही, कारण मधल्या काळात काय लिहिलं गेलं ते तिला माहीत नाही. हा हट्ट योग्य आहे. जुन्या प्रतीवरून पुढे गेलं असतं तर डेटाबेसची फाइल गुपचूप आठवडाभर मागे गेली असती. त्या काळातलं प्रत्येक लेखन २७ आणि ४१ या दोघींवर गेलं होतं, म्हणून दोघींपैकी एक परत आली तरी पुरतं. हे लक्षात ठेवा आणि दोन्ही डिस्कचं 'स्मार्टसीटीएल' (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) पाहून जी कमी आजारी आहे तिच्यावर कष्ट घ्या. ५ नंबरचा 'रीअलोकेटेड', १९७ चा 'पेंडिंग' आणि १९८ चा 'ऑफलाइन अनकरेक्टेबल', हे खराब सेक्टरचे तीन आकडे पाहा. १९७ वाढत असेल तर ती डिस्क चालवत ठेवू नका, थेट क्लोनच्या (डिस्कची हुबेहूब प्रत घेण्याच्या) भागाकडे जा.

'इनकम्प्लीट' म्हणजे पूर्ण इतिहास असलेली एकही प्रत हाती नाही, किंवा इरेजर कोडिंगच्या (पूर्ण प्रतींऐवजी डेटाची शकलं आणि दुरुस्तीसाठी जादा शकलं ठेवणाऱ्या) पूलमध्ये पुरेशी शकलं नाहीत. पुष्कळदा कुणीतरी घाईने लॉस्ट दिल्यावर डाउनची इनकम्प्लीट होते. जुनी डिस्क अजून असेल तर तिथूनही परतीचा रस्ता आहे.

ही तिन्ही चित्रं पाहायला 'सेफ' कमांडला उत्तर तर मिळायला हवं. 'सेफ -एस' नुसतंच लटकत असेल तर मॉनिटरचं बहुमत गेलं आहे, आणि आधी ते सोडवायचं. तीनपैकी एकच मॉनिटर वाचला असेल तर तो थांबवा, त्याच्या डेटा फोल्डरची कॉपी घ्या, 'सेफ-मॉन --एक्स्ट्रॅक्ट-मॉनमॅप'ने नकाशा काढा, 'मॉनमॅपटूल --आरएम'ने मेलेले दोन वगळा आणि '--इन्जेक्ट-मॉनमॅप'ने परत घाला. तिन्ही मॉनिटर गेले तरी ओएसडींमधून मॉनिटरचा डेटाबेस पुन्हा उभा करता येतो ('अपडेट-मॉन-डीबी'). त्यासाठी प्रत्येक होस्टवरच्या ओएसडी एकामागोमाग वाचाव्या लागतात.

ओएसडी सुरू का होत नाही?

अडवणारी ओएसडी कोणती ते क्वेरीने सांगितलं. 'सेफ ओएसडी फाइंड ४१' होस्ट सांगेल. तिथे दोन लॉग बघा: कर्नलचा 'डीमेसेज' आणि ओएसडीचा 'जर्नलसीटीएल', सेफएडीएम (ओएसडी कंटेनरमध्ये चालवणारं सेफचं साधन) असेल तर 'सेफएडीएम लॉग्ज --नेम ओएसडी.४१'.

डीमेसेजमध्ये 'मीडियम एरर' असेल तर डिस्कचा पृष्ठभाग गेला आहे, क्लोन करा. नुसते 'लिंक रीसेट' येत असतील तर डिस्क बहुधा बरी आहे. केबल बदला, दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, नाहीतर दुसऱ्या होस्टला लावा. एलव्हीएमवर बनलेली ओएसडी आपली ओळख टॅगमध्ये बरोबर घेऊन फिरते. नवीन होस्टवर 'सेफ-व्हॉल्यूम एलव्हीएम ॲक्टिव्हेट --ऑल', किंवा सेफएडीएममध्ये 'सेफ सेफएडीएम ओएसडी ॲक्टिव्हेट' आणि होस्टचं नाव, एवढ्यावर ती उठते. दोन सावधगिऱ्या. तिचा डीबी (कुठे काय आहे याची नोंद) वेगळ्या एनव्हीएमई डिस्कवर असेल तर तीही बरोबर हलवावी लागते, नुसती मोठी डिस्क निरुपयोगी आहे. आणि सुरू होताच ओएसडी क्रश नकाशात (कोणता डेटा कुठे ठेवायचा ते यावरून ठरतं) स्वतःची जागा नव्या होस्टखाली बदलते, त्यामुळे डेटा हलायला लागतो. नोरीबॅलन्स यासाठीच लावला होता.

लॉगमध्ये डिस्कची तक्रारच नसेल आणि कर्नलने 'आउट ऑफ मेमरी' म्हणून प्रोसेस मारली असेल तर हा सगळ्यात सोपा प्रकार. 'ओएसडी मेमरी टार्गेट' मुळात ४ जीबी असतं, पण ते लक्ष्य आहे, मर्यादा नाही. मोठ्या पडझडीनंतर पीअरिंगच्या वेळी वापर त्याच्या वर जातो. एका होस्टवर बारा ओएसडी आणि ६४ जीबी रॅम असेल तर सगळ्या एकदम उठवल्या की सगळ्या मरतात. 'नोबॅकफिल' आणि 'नोरिकव्हर' (प्रती भरणं आणि दुरुस्ती थांबवणारे फ्लॅग) लावा, दोन-दोन ओएसडी उठवा, तात्पुरता स्वॅप द्या, स्थिर झाल्यावर फ्लॅग काढा.

ओएसडी उठते, वीसेक सेकंदांनी इतरांकडून डाउन ठरते, पुन्हा उठते, असं चालू असेल तर नेटवर्क तपासा. जंबो फ्रेम (नेटवर्कवर ९००० बाइटची मोठी पाकिटं) वापरत असाल तर एकाच स्विचपोर्टवर एमटीयू (पाकिटाची कमाल मर्यादा) १५०० राहिल्याने हे होतं. होस्टहोस्टमध्ये 'पिंग -एम डू -एस ८९७२' चालवा. ९००० मधून हेडरचे २८ बाइट गेले की ८९७२ उरतात. एवढं पाकीट न तुटता पोचत नसेल तर दोष तिथे आहे.

लॉगमध्ये 'ब्लूएफएस'ची (ओएसडीच्या आतल्या छोट्या फाइलसिस्टिमची) जागा संपल्याची तक्रार असेल तर डिस्क काठोकाठ भरली आहे. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा असेल तर लॉजिकल व्हॉल्यूम वाढवून 'सेफ-ब्लूस्टोअर-टूल ब्लूएफएस-बीडेव्ह-एक्सपांड' करा. ८५ टक्क्यांवर निअरफुल, ९० वर बॅकफिलफुल, ९५ वर फुल ही सेफची मूळ पायरी आहे. रिकव्हरीच्या काळात 'बॅकफिल टूफुल' दिसू लागलं की इथे पोचायला वेळ लागत नाही.

शेवटचा प्रकार चेकसमचा (डेटा बदलला का ते पडताळणाऱ्या आकड्याचा): 'व्हेरिफाय सीसम' किंवा रॉक्सडीबीची, म्हणजे ओएसडीच्या नोंदींच्या डेटाबेसची, करप्शन. इथे 'सेफ-ब्लूस्टोअर-टूल एफएससीके' चालवा, तो फक्त तपासतो. 'रिपेअर' मूळ डिस्कवर चालवू नका. आधी क्लोन.

डिस्क खरंच जात असेल तर क्लोन

जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. नुसतं 'डीडी' पहिल्या खराब सेक्टरवर थांबतं, आणि न थांबण्याचा पर्याय दिला तरी खराब भागावरच घासत बसतं. डिस्क तेवढ्यात मरू शकते. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी '-डी -एन' देऊन करा: सोपा भाग पटकन निघतो, अवघड मागे राहतो. दुसरी फेरी '-डी -आर३': उरलेल्या भागावर तीन प्रयत्न. दोन्ही फेऱ्यांना एकच मॅपफाइल द्या आणि ती वेगळ्या डिस्कवर ठेवा. वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. १६ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंदाने वाचली गेली तर साधारण ३० तास लागतात. दुखणाईत डिस्कला त्याहून जास्त. या काळात तिच्यावर पंखा राहू द्या.

नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि लॉजिकल सेक्टर सारखाच हवा. ५१२ बाइटची प्रत ४०९६ बाइटच्या डिस्कवर घेतली तर ओएसडी उठणार नाही. क्लोन झाल्यावर मूळ डिस्क सर्व्हरमधून काढा. दोन्हींवर एकच एलव्हीएम ओळख आहे आणि दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर एलव्हीएम भलतीच निवडू शकतं. मग 'पीव्हीस्कॅन --कॅश' आणि ॲक्टिव्हेट.

जे सेक्टर निघाले नाहीत तिथे नव्या डिस्कवर योग्य डेटा नसतो. पण ब्लूस्टोअर (ओएसडीचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग) प्रत्येक ब्लॉकचा सीआरसी३२सी चेकसम ठेवतो, त्यामुळे असा भाग वाचताना चूक उघड होते, खोटा डेटा चुपचाप पुढे जात नाही. दुर्दैवाने खराब सेक्टर रॉक्सडीबीच्या फाइलमध्ये असेल तर ओएसडीच उठत नाही. तिथे क्लोनवर 'ब्लूस्टोअर-टूल रिपेअर', आणि तेही थकलं तर 'सेफ-केव्हीस्टोअर-टूल'मधलं 'डिस्ट्रक्टिव्ह-रिपेअर'. नावातच इशारा आहे; ते क्लोनच्या आणखी एका क्लोनवरच चालवा.

ओएसडी उठत नाही, पण डेटा वाचता येतो

ओएसडीचा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) कोसळतो, तरीही 'सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूल' पीजी बाहेर काढू शकतं, कारण त्याला एका वेळी एकच पीजी वाचायची असते. डीमन पूर्ण बंद हवा ('सेफ ऑर्क डीमन स्टॉप ओएसडी.४१'). सेफएडीएममध्ये 'सेफएडीएम शेल --नेम ओएसडी.४१' मधून काम करा, आणि '--माउंट' देऊन बाहेरची मोठी जागा आत घ्या. कंटेनरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये निर्यात केली आणि शेल बंद केला की फाइल गेली.

डेटा-पाथ '/व्हार/लिब/सेफ/ओएसडी/सेफ-४१' देऊन आधी '--ऑप लिस्ट-पीजीज'. मग '--पीजीआयडी ७.१ए --ऑप एक्स्पोर्ट --फाइल' आणि फाइलचा मार्ग. इरेजर कोडिंगमध्ये पीजीच्या मागे 'एस३' असा शकलाचा क्रमांकही द्यावा लागतो, आणि प्रत्येक शकल वेगळं निर्यात होतं. एखाद्या खराब ऑब्जेक्टवर (पीजीतल्या डेटाच्या तुकड्यावर) निर्यात थांबली तर त्याचं नाव टिपून ठेवा, क्लोनवर याच टूलने तो ऑब्जेक्ट काढून टाका आणि पुन्हा निर्यात करा. एका ४ एमबीच्या तुकड्यापायी अख्खी पीजी सोडू नका.

या ओएसडीवर अडलेल्या सगळ्या पीजी निर्यात करा, एकच नाही. कारण थोड्या वेळाने द्यायचा लॉस्ट पीजीपुरता नसतो, अख्ख्या ओएसडीला लागतो.

आयात रिकाम्या नव्या ओएसडीवर करा. 'ओएसडी क्रश इनिशियल वेट' ० ठेवून ती बनवा, म्हणजे इतर डेटा तिच्यावर धावत येणार नाही. तिला ५८ म्हणू. ५८ थांबवा, '--ऑप इम्पोर्ट --फाइल', मग सुरू करा. ज्या ओएसडीवर ती पीजी आधीच आहे तिथे आयात होत नाही, आणि ते ठीकच आहे. जुनी प्रत पुसून नवी घालण्याचा मोह टाळा. ५८ उठली की आपल्याकडे ७.१ए असल्याचं ती प्रायमरीला (त्या पीजीच्या मुख्य ओएसडीला) कळवते. पण पीअरिंग अजून ४१ ची वाट पाहत असतं. आता, सगळ्या निर्याती हातात आणि आयाती झालेल्या असताना, 'सेफ ओएसडी लॉस्ट ४१ --येस-आय-रिअली-मीन-इट'. पीजी काही सेकंदांत 'ॲक्टिव्ह' व्हायला हवी, आणि प्रती बनू लागतील. ५८ वरून सगळं निघून जाईपर्यंत तिला हात लावू नका.

इरेजर कोडिंग ४+२ (चार डेटाची शकलं, दोन जादा) असेल तर मिन-साइझ ५ असतं. तीन शकलं गेली असतील तर त्यांतलं कोणतंही एक परत आणलं की चार होतात आणि तेवढ्यावर गणित सुटतं. ऑक्टोपस (सेफची २०२० ची आवृत्ती) आणि नंतरच्या आवृत्त्यांत मिन-साइझच्या खालीही रिकव्हरी चालते. त्याआधीच्या आवृत्तीत मिन-साइझ तात्पुरतं ४ करावं लागतं. रिकव्हरी संपताच परत ५.

'अनफाउंड' उरले तर

'अनफाउंड' म्हणजे असल्याचं माहीत आहे, पण ताजी प्रत कुठेच सापडत नाही असा ऑब्जेक्ट. 'सेफ पीजी ७.१ए लिस्ट_अनफाउंड' अशा ऑब्जेक्टची नावं देतं. क्वेरीतल्या 'माइट हॅव अनफाउंड' यादीत कुठे 'ओएसडी इज डाउन' दिसत असेल तर तो शोध अजून संपलेला नाही. त्या ओएसडीसाठी वरची सगळी कृती आधी करा.

आरबीडीच्या (सेफ व्हर्च्युअल मशीनला देतं त्या) डिस्कचा नेमका कोणता भाग गेला ते नावावरून काढता येतं. नावाच्या शेवटचा आकडा सोळाच्या पायात असतो. '१एफ४' म्हणजे ५००. नेहमीच्या ४ एमबी ऑब्जेक्टने गुणलं की त्या व्हर्च्युअल डिस्कवर २००० ते २००४ एमबीचा पट्टा. तिथे फाइलसिस्टिमची कुठली फाइल आहे ते पाहून मगच ठरवा. सेफएफएसमध्ये (सेफवरच्या फाइलसिस्टिममध्ये) नावाचा पहिला भाग फाइलचा आयनोड क्रमांक असतो, तोही सोळाच्या पायात. दशमान करून 'फाइंड -आयनम' दिलं की फाइल सापडते आणि बॅकअपमधून ती एकच परत आणता येते.

त्यानंतरच 'मार्क_अनफाउंड_लॉस्ट'. 'रिव्हर्ट' ऑब्जेक्टची आधीची आवृत्ती पुढे आणतं, 'डिलीट' तो विसरतं. इरेजर कोडिंगला रिव्हर्ट नाही. डेटाबेस असेल तर रिव्हर्ट जास्त फसवं आहे: एक तुकडा जुना, बाकीचे नवे, आणि चूक कुठेच दिसत नाही. अशा ठिकाणी बॅकअपमधून परत आणणंच बरं.

इनकम्प्लीट पीजीचे सगळे रस्ते संपले तर उरलेल्या प्रत्येक प्रतीची आधी निर्यात घ्या, '--ऑप इन्फो'ने 'लास्ट अपडेट' आणि ऑब्जेक्टची संख्या ताडून पाहा, आणि सगळ्यात पुढे असलेल्या प्रतीवर '--ऑप मार्क-कम्प्लीट' चालवा. 'फोर्स-क्रिएट-पीजी' रिकामी पीजी बनवतं. तिथे परत मिळवण्यासारखं काही उरत नाही.

पुन्हा पुन्हा का घडतं?

पहिलं कारण मिन-साइझ १. सेवा लवकर चालू व्हावी म्हणून कुणीतरी ते १ करतं आणि परत २ करायचं राहून जातं. मग एकाच डिस्कवर दोन तास लेखन होतं, ती मरते, आणि शाबूत असलेल्या दोन जुन्या प्रती निरुपयोगी ठरतात. 'सेफ ओएसडी पूल एलएस डिटेल' आजच चालवून बघा.

दुसरं, एकाच खेपेत घेतलेल्या डिस्क. एक गेली की रिकव्हरी बाकीच्यांवर कोपऱ्याकोपऱ्यातले सेक्टर वाचते, आणि महिनोन्महिने न वाचलेला खराब भाग नेमका तेव्हाच उघडा पडतो. यावर उपाय डीप स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून प्रती पडताळणं. तो साधारण आठवड्याला व्हायला हवा. 'नॉट डीप-स्क्रब्ड इन टाइम' ही सूचना दाबून ठेवू नका.

तिसरं, जागा. चार सारखे होस्ट असतील आणि एक गेला तर उरलेल्या तिघांत सगळं मावलं पाहिजे. ८५ टक्क्यांच्या आत राहायचं तर एरवीचा वापर ८५ चे तीन-चतुर्थांश, म्हणजे ६४ टक्क्यांच्या आत हवा. आणि तीनच होस्ट असलेल्या प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या) क्लस्टरमध्ये होस्ट हेच फेल्युअर डोमेन असतं, म्हणजे एका होस्टवर एकच प्रत ठेवली जाते, तेव्हा एक होस्ट गेल्यावर तिसरी प्रत बनायला जागाच नसते. तो होस्ट परत येईपर्यंत पुढची एक डिस्क गेली की त्यावरच्या पीजींचं लेखन थांबतं. चौथा होस्ट घ्यायला पैसे नसतील तर निदान सुटी डिस्क आणि सुटा पॉवर सप्लाय कपाटात ठेवा.

चौथं, वीज गेल्यावर कॅशमधला डेटा न जपणारे घरगुती एसएसडी. लेखन पक्कं झालं असं ते सांगतात आणि वीज जाते तेव्हा ते झालेलं नसतं. सगळ्या होस्टची वीज एकदम गेली तर तिन्ही प्रती एकाच वेळी बिघडू शकतात, आणि वरची सगळी कृती तिथे तोकडी पडते.

डिस्क बदलताना 'ओके-टू-स्टॉप' आणि 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' (इथला 'सेफ' सुरक्षित या अर्थाचा) विचारल्याशिवाय काढू नका. काढलेल्या डिस्कवर होस्ट, ओएसडी क्रमांक आणि तारीख लिहून चिठ्ठी लावा. तिच्यावर असलेल्या सगळ्या पीजी 'ॲक्टिव्ह, क्लीन' होऊन त्यांचा एक डीप स्क्रब पूर्ण होईपर्यंत ती डिस्क पुसू नका, परत पाठवू नका.